रोजचं समोर असतं, पण दिसत नाही. त्यावर काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट होईल. तुम्ही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कातयंत्रावर, पाळीनं काम करता, जवळच अनगोळला राहता. तीन महिने रोज रात्री जेवणानंतर मोबाईलवर ॲप लावून दहा मिनिटं डोळे मिटून बसताय. एक तर झोप लागते, नाहीतर हप्ते आणि उद्याची कामं डोक्यात फिरतात. कृतज्ञतेची वही सुरू केलीत, तर तीत रोज तेच तीन शब्द: घर, तब्येत, नोकरी. खरी तक्रार मात्र ध्यानाबद्दल नाहीच. कप रिकामा झाल्यावर कळतं की चहा प्यायलो, तिसरीतली मुलगी बोलत असते आणि तुम्ही ‘हं, हं’ करत राहता, रविवार कसा गेला ते सोमवारी आठवत नाही, ही तक्रार आहे. आई रोज हरिपाठ म्हणते, मग हे वेगळं कशाला, असंही तुम्ही शेवटी विचारलंय.

एक गोष्ट पहिल्यांदा बाजूला काढू. लक्ष नसणं वेगळं आणि गोडी जाणं वेगळं. लक्ष गेलं तर चहा आवडतो, पण लक्षच जात नाही, असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. लक्ष देऊनही कशातच चव लागत नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज चाललंय, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो, चहाच्या घोटांनी ते बरं होत नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो; धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आपल्याला जवळ आहे. तुमच्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, पण नुसत्या लिहिण्यावरून हे ठरवता येत नाही, म्हणून आधी सांगितलं.

आता मूळ अडचण. आपली मज्जासंस्था बदल टिपते. जे सतत तसंच राहतं ते गाळून टाकते. बोटातली अंगठी, डोक्यावरचा पंखा, अंगातला शर्ट थोड्याच वेळात जाणवायचे थांबतात, आणि ते बरंच आहे, नाहीतर कामच सुचणार नाही. पण घरातली माणसं, रोजचा चहा, रोजचा रस्ता यांचंही तेच होतं. मोकळं झालेलं लक्ष मग मागच्या-पुढच्या विचारांत जातं. २०१० साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून आयफोनवरून विचारलं, की आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. भटकलेल्या मनाची माणसं त्या क्षणी कमी सुखी होती, आणि मन चांगल्या गोष्टीकडे गेलेलं असलं तरी हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी नव्हती. त्यातले बहुतेक अमेरिकेतले, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका. एवढंच घ्या, की तुमच्यात काही वेगळा दोष नाही.

मग लक्ष टिकतं कुठं? हे तुम्हाला तुमच्याच कामातून माहीत आहे. लेथवर इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, झिजायला लागला की शॉपमधल्या सगळ्या गोंगाटातही तुम्हाला आवाज बदललेला कळतो. कापून निघणाऱ्या चिपचा रंग निळसर झाला, जॉबचं, म्हणजे घडवायच्या भागाचं, फिनिश खरबरीत आलं, की नजर तिथंच जाते. हे कोणी ‘मन एकाग्र कर’ म्हणून होत नाही. तिथं तुमच्या लक्षाला एक प्रश्न असतो: मघाशी कसं होतं आणि आता कसं आहे? फरक शोधायचा असला की लक्ष आपोआप थांबतं. ‘चहाचा आनंद घे’ या सांगण्यात शोधण्यासारखं काहीच नाही, म्हणून दोन सेकंदांत मन निघून जातं. माझा सगळा भर याच एका गोष्टीवर असतो: बरं वाटावं म्हणून धडपडू नका, तपशील शोधा. बरं वाटणं मागून येतं. कधी येतं, कधी येत नाही, त्याच्या मागं लागायचं नाही.

सुरुवात एकाच जागी करा. तुमच्या बाबतीत मी उठल्यावरचा चहा निवडेन, कारण पाळी बदलली तरी तो चुकत नाही. पूर्ण कप नको, पहिले तीनच घोट. आणि ठरवताना ‘उद्यापासून लक्ष देईन’ असं मोघम ठरवू नका. ‘कप हातात आला की मोबाईल पालथा घालायचा’ असं ठरवा. अमुक झालं की तमुक करायचं, असं जोडून ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे मानसशास्त्रात पीटर गोलविट्झर यांच्या कामातून चांगलं पक्कं झालेलं आहे. मोबाईल दुसऱ्या खोलीत राहिला तर आणखी चांगलं.

चहा ओतल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. फार गरम चहात जिभेला फक्त चटका कळतो, गोडी आणि तुरटपणा वेगळे कळत नाहीत. कप कानानं धरू नका, दोन्ही हातांनी धरा आणि बघा, ऊब बोटांच्या टोकांना आधी लागते की तळव्याला. मग कप नाकाजवळ न्या: आधी आल्याचा वास येतो की उकळलेल्या दुधाचा? पहिला घोट. गरमपणा ओठाला, जिभेच्या टोकाला आणि घशात, तीन जागी वेगळा लागतो. शेवटी कुठं जाणवायचा थांबतो? दुसऱ्या घोटात गोडी पहिल्यांदा येते आणि तुरटपणा मागून, जिभेच्या कडांना आणि गालाच्या आतल्या बाजूला. ती किंचित कोरडी खरखर चहातल्या टॅनिनमुळं येते; टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओलसर गुळगुळीतपणा कमी होतो. साखर जास्त असेल तर ही खरखर दबते. तिसऱ्या घोटाला एकच प्रश्न: पहिल्यापेक्षा यात काय वेगळं? तीन घोट झाले की खुशाल पेपर उघडा, बोला, पुढच्या कामाचा विचार करा. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

इथं लोक ठरावीक ठिकाणी अडखळतात. पहिला आठवडा छान जातो म्हणून दुसऱ्या आठवड्यात पूर्ण कपभर लक्ष द्यायला जातात आणि चार दिवसांत सोडतात. वाढवू नका, तीनाचे दोन झाले तर चालतील, चार करू नका. दुसरं म्हणजे घोट घेता घेता ‘मला बरं वाटतंय का?’ असं आतून तपासत राहणं. तसं तपासायला लागलात की लक्ष चहावरून उठून स्वतःवर जातं. प्रश्न नेहमी वस्तूबद्दल असू द्या. आणि विसरलात, कप अर्धा झाल्यावर आठवलं, तर तो घोट पहिला समजा. अगदी संपल्यावर आठवलं तर रिकाम्या कपाची उरलेली ऊब आणि तळाशी राहिलेल्या चोथ्याचा वास घ्या. मन गेलं होतं हे ज्या क्षणी कळलं, तिथंच सराव झाला. त्याबद्दल स्वतःला बोल लावण्यात जी दोन मिनिटं जातात, ती मात्र खरोखर वाया जातात.

चहा जमत नसेल तर बेदाणा घ्या. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा ताण-निवारणाचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्याच वर्गात एक बेदाणा खायला देतात. आपल्याला तर अथणी-विजापूरकडचा बेदाणा हाताशी आहे. एकच दाणा तळहातावर ठेवा, उजेडाकडे धरून बघा, कुठं आरपार दिसतो आणि कुठं गडद आहे ते. देठाची खूण शोधा. कानाजवळ नेऊन चिमटीत फिरवा, बारीक आवाज येतो. वास घ्या. जिभेवर ठेवून दहा-पंधरा सेकंद चावू नका; तोंडाला पाणी कधी सुटतं ते बघा. मग एकदाच चावा आणि आंबट आधी की गोड, ते ठरवा. हे मुलीबरोबर रविवारी करा, लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. आपली दुधाची मिठाई, कुंदा, मात्र यासाठी घेऊ नका. रवाळपणा आणि भाजक्या दुधाची चव पहिल्या घासात उत्तम कळते, पण गोडी इतकी भारी असते की तिसऱ्या घासाला जीभ थकते आणि फरक शोधायला काही उरत नाही.

चहा बसला, म्हणजे आठवण न करता हात मोबाईल पालथा घालायला लागला, की दुसरी जागा जोडा. तोवर नको. दुसरी जागा म्हणून गाडीवरून उतरण्याची वेळ चांगली. चालत्या गाडीवर यातलं काहीही करू नका, श्वासावर लक्ष तर मुळीच नको. तिथं नजर रस्त्यावरच हवी. मशीन चालू असतानाही नाही. रेल्वे गेट पडलेलं असेल, गाडी बंद असेल, तर ती दोन मिनिटं सोन्यासारखी. आणि घरासमोर किल्ली काढली की लगेच दार वाजवू नका. हेल्मेट काढा, दोन्ही पाय जमिनीवर टेका, तीन श्वास होईपर्यंत फक्त ऐका: सगळ्यात लांबचा आवाज कोणता, सगळ्यात जवळचा कोणता? आपल्या गल्लीत एका वेळी मराठी, कानडी, हिंदी कानावर येतं. त्याचा अर्थ न लावता नुसता चढ-उतार ऐकून बघा. जून ते सप्टेंबर तर विचारायलाच नको. कौलांवरचा पाऊस, पत्र्यावरचा आणि झाडावरचा, तिन्ही वेगळे वाजतात. कामावरचा ताण घरात न नेण्यासाठी मला याहून साधा उपाय माहीत नाही.

मुलीबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. तिचं बोलणं ‘मन लावून ऐकायचं’ असं ठरवलंत तर पुन्हा मोघमच होईल. पाच मिनिटं ठरवा. तिच्या उंचीला येईल असं खाली बसा, म्हणजे चेहरा समोर येतो. ती सांगत असताना सल्ला द्यायचा नाही, अभ्यासाचा विषय काढायचा नाही, चूक सुधारायची नाही. विचारायचं फक्त ‘मग काय झालं?’. तुमचं लक्ष कशावर असू द्यायचं? तिचा आवाज कुठल्या वाक्याला चढतो, हात कधी हलायला लागतात, सांगताना ती कोणाचं नाव पुन्हा पुन्हा घेते. मनात उत्तर जुळायला लागलं की समजा ऐकणं थांबलं. उत्तर सोडा, पुन्हा चेहऱ्याकडे या. झोपताना स्वतःला विचारा, तिनं सांगितलेल्यातलं मला काय आठवतंय? दोन गोष्टी नावानिशी आठवल्या तर ऐकणं झालं. आणि दुसऱ्या दिवशी त्यातली एक विचारा: ‘काय गं, त्या डब्याचं पुढं काय झालं?’ बाबा ऐकतो हे मुलांना अशा आठवणीनंच पटतं. ज्या दिवशी खरंच अंगात त्राण नसेल त्या दिवशी अर्धवट ऐकू नका. ‘मला अर्धा तास पडू दे, मग सांग’ म्हणा आणि अर्ध्या तासानं आपण होऊन तिच्याकडे जा. आपण होऊन गेला नाहीत तर पुढच्या वेळी ते वाक्य चालणार नाही.

रविवारचं वेगळं. तो आठवत नाही कारण त्यात वेगळं काही टिपलेलं नसतं. सगळे रविवार एकावर एक बसून जातात. त्यासाठी खास कुठं जायची गरज नाही. गोकाकचा धबधबा बघायला गेलात तर तो ५२ मीटर उंचीवरून आपणच लक्ष खेचून घेतो, तिथं सराव होत नाही. त्यापेक्षा गणपत गल्लीत भाजी आणायला जा आणि एक आठवडा फक्त हातानं बघा: रताळ्याची साल, कोवळ्या आणि जून भेंडीचं टोक, मेथीच्या जुडीचं वजन. पुढच्या रविवारी फक्त नाकानं. येळ्ळूरकडचा बासमती शिजत असताना झाकण पहिल्यांदा उचललं की जो वास येतो, तो अर्ध्या मिनिटात मंदावतो. भात तोच, नाकाला सवय होते. थोडं बाहेर जाऊन परत या, वास पुन्हा येतो. रोजचं का दिसेनासं होतं हे समजायला मला हा प्रयोग सगळ्यात आवडतो, आणि त्याचा उपायही त्यातच आहे: थोडं लांब जायचं आणि परत यायचं. आठवडाभर माहेरी गेलेली बायको परत आल्यावर घर वेगळं वाटतं, ते यामुळंच.

वहीचं म्हणाल तर रोज लिहिणं बंद करा. २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका प्रयोगात कृतज्ञतेच्या गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. वारंवार लिहिलं की त्याचीही सवय होते आणि हात आपोआप ‘घर, तब्येत, नोकरी’ लिहितो. आठवड्यातून एक दिवस, एकच ओळ लिहा. पण तीत जागा, वेळ आणि डोळ्या-कानाला जाणवलेली एक गोष्ट हवी. ‘कुटुंबाबद्दल कृतज्ञ’ ही ओळ चालणार नाही. ‘गुरुवारी संध्याकाळी आईनं भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर ठेवली, ती फुगली आणि कडेनं वाफ सुटली’, ही चालेल. कृतज्ञ हा शब्द त्यात नसला तरी बिघडत नाही. ज्या आठवड्यात एकही ओळ सुचणार नाही, त्या आठवड्यात पान कोरं ठेवा, ओढूनताणून भरू नका. शनिवारी ओळ लिहायची आहे हे माहीत असलं की गुरुवारी नजर थोडी जास्त शोधते. वहीचा खरा उपयोग हा.

ॲप सोडायचं का? सोडाच असं मी म्हणत नाही. रात्री जेवून, दिवसभर उभं राहून आलेल्या माणसानं डोळे मिटले तर झोप येणारच, त्यात मनाचा दोष नाही. बसायचंच असेल तर जेवणाआधी, डोळे अर्धे उघडे ठेवून, पाठ न टेकता, आणि दहा नको, चार मिनिटं. तरी झोप आली तर झोपा. तुम्हाला झोपच कमी पडतेय. कबात-झिन यांच्या त्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात रोज पाऊण तास घरी सराव करतात, आणि ताण, जुनं दुखणं, पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य यांसाठी अशा कार्यक्रमांवर बरंच संशोधन झालेलं आहे. मी सांगतेय त्या छोट्या सरावावर तेवढं झालेलं नाही, हे लक्षात असू द्या. पण तुमची अडचण चहा, मूल आणि रविवार ही आहे, आणि तिला हा सराव थेट भिडतो. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या ठिकाणच्या दहा दिवसांच्या मौन शिबिराला एवढ्या कारणासाठी जाऊ नका. ते कष्टाचं काम आहे, त्याचा हेतू वेगळा आहे.

लक्ष द्यायला लागलात की नकोसंही दिसायला लागेल. खांद्याचं दुखणं, सासऱ्यांच्या आजाराची काळजी, घरातला अबोला. लोक इथं घाबरून सोडतात, म्हणून आधीच सांगते: हे उलटं पडलेलं नाही, झाकलेलं होतं ते उघडं झालं. दुखणं दिसलं तर ‘खांद्यात ओढ, उजवीकडे, दाबल्यासारखी’ एवढं मनात म्हणा आणि पाय जमिनीला टेकलेत ते जाणून घ्या. काहींना श्वासावर लक्ष दिल्यावर उलट धडधडतं, विशेषतः मोठा धक्का बसून गेलेल्यांना. त्यांनी श्वास सोडून आवाज किंवा तळपाय धरावेत, आणि तरी त्रास झाला तर थांबून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. दुसरं, पाळीनंतर रोज ओव्हरटाइम आणि पाच तासांची झोप असेल तर लक्ष देऊन थकवा जाणार नाही. विश्रांती कमी पडतेय हे दिसलं तर विश्रांतीच घ्यायची, ओव्हरटाइम कमी करता येतो का ते बघायचं. हा सराव कोणाला गप्प बसवण्यासाठी नाही.

आईच्या हरिपाठाबद्दल. नामस्मरणात मन एका नावाशी बांधून ठेवायचं असतं. मी सांगतेय त्यात समोर जे येईल ते बघायचं असतं. एकानं दुसऱ्याला बाधा येत नाही, आणि श्रद्धेनं म्हटलेल्या हरिपाठाची जागा चहाचे घोट घेऊ शकत नाहीत. पण हरिपाठही पाठ झाल्यावर तोंडानं चालू राहतो आणि मन दूधवाल्याच्या हिशोबात असतं, हे आईंना विचारलंत तर त्याच सांगतील. त्यांच्याजवळ बसा, एक अभंग आवाजाकडे लक्ष देऊन ऐका: श्वास कुठं घेतात, कुठल्या ओळीला सूर खाली येतो. आवडलं तर तुमचा सराव तोच, वेगळं काही लागत नाही.

किती दिवसांत फरक पडेल हे माणसावर आहे. सवय आपोआप व्हायला किती काळ लागतो यावर २०१० साली लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. तुमची पाळी बदलते, म्हणून घड्याळाशी काही बांधू नका. रात्रपाळीच्या आठवड्यात उठल्यावरचा चहा दुपारी असेल, तरी तो पहिलाच चहा. त्या आठवड्यात मुलीची पाच मिनिटं ती शाळेतून आल्यावर, कामाला निघायच्या आधी ठेवा, आणि वहीची ओळ सुट्टीच्या दिवशी लिहा. दोन आठवडे फक्त तीन घोट करून बघा आणि नेमकं कुठं अडतंय ते इथंच लिहा: मोबाईल पालथा घालायचं विसरता, की घातल्यावरही मन जातं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.